पळीभर पाणी

ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात आलेला नाही त्यांनी वाचून हळहळू नये. हळहळीचा माझ्याकडे भरपूर साठा आहे आणि तिनं पोट भरत नाही.

पोट हाच विषय आहे. या आजारावर औषध नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. पण औषध नसलं तरी माणसाला रोज जेवावं लागतं आणि इथली खरी झटापट जेवणाशीच असते, हे कुणी सांगितलं नाही. ते मी ठसके खात शिकलो. माझी वाचा गेली आहे. हात अजून चालतात, पण अक्षर तिरकं जायला लागलं आहे, म्हणून घाईनं लिहितो. चुका दिसल्या तर मास्तर असून असा लिहितो, असं म्हणू नये.

*

मी तुळजापूरचा शाळामास्तर. घराणं देवीच्या उपाध्यांचं. पूजेची पाळी धाकटा भाऊ वसंता सांभाळतो. मी थोरला असून शाळेत गेलो, म्हणून आईचा माझ्यावर पहिल्यापासून थोडा राग होता. निजामाच्या राज्यात मी उर्दूतून शिकलो आणि उर्दूतूनच शिकवायला लागलो. मग ते राज्य गेलं, आमचा जिल्हा आधी मुंबईकडे आणि मग महाराष्ट्रात आला, शाळेत मराठी आली. आता पोरांना आपल्या भाषेत खणखणीत शिकवायचं, म्हणून मी हरखून गेलो होतो. नेमकी तेव्हाच जीभ जड झाली.

आधी र गेला, मग ळ गेला. कविता म्हणून दाखवताना मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करायची. ते मी समजू शकतो, पोरं आहेत. पण मोठ्या माणसांनी कुजबुज उठवली की मास्तर शिंदी प्यायला लागले. ज्यानं साधं सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं आणि बोलायच्या निमित्तानं जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. वास आला नाही म्हणून ते जरा निराश झालेले दिसले. त्यांना कारण हवं होतं. मलाही हवं होतं.

घरी जेवताना माझं ताट सगळ्यांच्या शेवटी उचललं जाऊ लागलं. भाकरी चावून चावून जबडा थकायचा. शेंगदाण्याची चटणी तोंडात भुसा होऊन बसायची. आई म्हणायची, "कसला विचार करायलास एवढा? जेव की." मी विचार करत नव्हतो. मी गिळत होतो.

*

शेवटी कमल, माझी बायको, मला मिरजेला घेऊन गेली. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. माझ्या जिभेवर आपोआप बारीक वळवळ चालली होती, ती मला आरशात दाखवली. आपलीच जीभ आपल्याला न विचारता हलते आहे, हे बघून मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. कमलला बाहेर थांबायला सांगितलं, पण मी तिचा हात सोडला नाही.

मोटर न्यूरॉन डिसीज, असं ते म्हणाले. हालचालीच्या नसा एकेक करून मरतात. बोलणं जाईल, गिळणं जाईल, पुढं हातपाय, शेवटी श्वास. मग बहुधा धीर द्यावा म्हणून म्हणाले की बुद्धी शाबूत राहील, शेवटपर्यंत सगळं कळेल. हे धीर देणं आहे की शिक्षा, ते आजही मला ठरवता आलेलं नाही.

कमलनं एकच विचारलं, "खायला काय घालू?"

"जे गिळता येईल ते घाला," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरू देऊ नका. हाडांवरचं मांस ह्यांचं एकदा गेलं की परत येत नाही."

परतताना कुर्डुवाडीच्या फलाटावर चहा घेतला. पहिल्याच घोटाला ठसका लागून चहा नाकातून आला. बाकड्यावरचे लोक उठून पलीकडे गेले. कमलनं पदरानं माझं तोंड पुसलं, उरलेला चहा स्वतः प्याली आणि कप परत देऊन आली. त्या दिवसातलं चांगलं म्हणून आठवावं असं एवढंच आहे.

*

आजारी माणसाला पातळ द्यावं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. ताप असो, बाळंतपण असो, भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक. बातमी गावात पसरली आणि जो तो पातळाचा एक नवा प्रकार घेऊन आला. नळदुर्गचे मामा आले, त्यांनी मुगाचं कढण सांगितलं. वैद्यांनी तांदळाचं धुवण सांगितलं. आईनं माझी भाकरी बंद केली आणि तिन्ही त्रिकाळ माझ्यासमोर निवळ पाण्यासारखी पेज यायला लागली. त्यातला निम्मा पेला अंगरख्यावर जायचा, राहिलेला ठसक्यात. पोटात जायची ती नुसती हवा.

दोन-तीन महिन्यांत माझं धोतर कमरेवर थांबेना. भेटायला येणारे म्हणायचे, आजार फार वेगानं वाढतोय. आजार त्याच्या चालीनं चालला होता. मी उपासमारीनं वाळत होतो, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या मायेत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एके दिवशी कमल आंबील चुलीवर ठेवून आडावर पाण्याला गेली आणि तिथं बायकांच्या बोलण्यात अडकली. ज्वारीच्या पिठाची ती आंबील शिजून शिजून घट्ट गोळा झाली. मला इतकी भूक लागली होती की मी बोटानंच चाटायला लागलो. ठसका लागला नाही. मी आणखी घेतलं. पुन्हा नाही. कमल आली तेव्हा मी चुलीपाशी भांडं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भांडं चटकत होतं म्हणून, असं मी पाटीवर लिहिलं; बोलणं तोवर गेलं होतं आणि शाळेची पाटी हाच आधार होता. तिनं ते खरं मानलं नाही.

मग आम्हांला उलगडलं. पातळ पदार्थ घशात पळत जातो, आणि माझा घसा तेवढ्या वेगानं श्वासनळीवर झाकण लावू शकत नाही. घट्ट सावकाश उतरतं, घशाला वेळ देतं. हे एवढंसं. त्याच दिवशी कमलनं पेज उकिरड्यावर ओतली. मऊ भात दह्यात कुस्करून, घट्ट पिठलं भरपूर तुपाचं, केळं कुस्करून, सीताफळाचा बिया काढलेला गर. भूमकडचा खवा मिळाला की तो दुधात जरा सैल करून. खव्यानं मला जगवलं, असं म्हटलं तरी चालेल. साबुदाण्याची खिचडी, पोहे, चुरमुरे, म्हणजे ज्याचे कण सुटे होतात ते सगळं वर्ज्य. चहावाचून जीव कासावीस व्हायचा, म्हणून ती चहात आरारूट घालून त्याची खळ करायची. दिसायला ती भिंतीला कागद चिकटवायच्या लायकीची असायची. पण चहाच असायचा.

*

दुसरी गोष्ट मानेची. आमच्या घरात तांब्याला कुणी तोंड लावत नाही. तांब्या वर धरायचा, मान मागं टाकायची, आणि धार थेट घशात सोडायची. भांडं उष्टं होत नाही. मी लहानपणापासून तसाच प्यालो. तीर्थ घेतानाही तळहात ओठाशी नेऊन मान वर. आमच्यासारख्या घरात ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मान वर केल्याशिवाय गिळता येतं, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

एकदा तोंडात खव्याची गोळी होती आणि कमलनं काहीतरी विचारलं, म्हणून मी पाटीवर उत्तर लिहायला वाकलो. हनुवटी छातीला टेकली होती. गोळी गुमान खाली गेली, कधी नव्हे इतकी सहज. मग मी मुद्दाम करून बघितलं. मान खाली घातली की वाट सापडते, मान वर केली की चुकते. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये.

पण मान खाली घालून प्यायचं तर भांड्याला तोंड लावावं लागतं. आईनं माझ्यासाठी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी आणि थाळी काढली आणि पडवीतल्या कोनाड्यात ठेवायला सांगितली. घरात देवघर आहे, सोवळं आहे, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर असेल. पण ज्या घरात जन्मलो त्या घरात मी पडवीत एकटा जेवायला लागलो. एकटा म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कमल आपलं ताट घेऊन पडवीत आली आणि माझ्यासमोर बसली. आई आतून म्हणाली, "सून असून हे बरं दिसतं का?" कमलनं पहिला घास मोडला.

*

नवरात्र आलं. वसंता रोज सकाळी देवळातून तीर्थ आणायचा आणि आई पळीनं सगळ्यांना द्यायची. इतके दिवस मी तळहात ओला करून डोळ्यांना लावून वेळ मारून नेत होतो. अष्टमीला तिनं ते पकडलं. घरात पाहुणे होते, मामा होते. ती तीर्थाचं भांडं घेऊन सरळ माझ्यासमोर आली.

"आ कर," ती म्हणाली.

मी मानेनं नको म्हटलं. घशाकडं बोट केलं.

"अरे, देवीचं तीर्थ आहे. ते कुणाला बाधलंय आजवर? मान वर कर."

मी मान वर केली. का केली, ते सांगता येत नाही. चाळिशीला आलेला माणूस होतो, सगळं कळत होतं. पण आई समोर पळी घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडावर इतकी खात्री होती की मला वाटलं, असेलही. पळीभर पाणी आत गेलं आणि चुकीच्या वाटेनं गेलं. मी खोकत खोकत निळा पडलो. वसंतानं पाठीत बुक्क्या मारल्या. मामा म्हणाले, देवी अंगात येते आहे. संध्याकाळी थंडी वाजून ताप चढला, आणि दुसऱ्या दिवशी मला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया.

दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही. सकाळी फिनेलचा वास, मग सुया, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडं बघणं. शेजारच्या खाटेवर उमरग्याचा एक ट्रकवाला होता, पाय मोडलेला. त्याच्या घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची. तो जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचा. पायाला फळी बांधलेली असताना तसं वळणं सोपं नव्हतं. तो माझ्याशी कधी धीराचं एक अक्षर बोलला नाही, आणि इतकी कदर मला दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

आई एकदाच आली. अंगारा लावला आणि म्हणाली की तीर्थाच्या पुण्याईनं वाचलास. मी पाटीवर लिहिलं, तीर्थानंच पाडलं. आईला वाचता येत नव्हतं, तिनं वसंताकडं बघितलं. वसंतानं पाटी वाचली आणि म्हणाला, "पाय दुखायलेत म्हणतोय." मग आई घरी जायच्या वेळेपर्यंत माझे पाय दाबत बसली.

*

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ती पळी घेऊन आली. या वेळी मी ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मग तीर्थ तिनं तुळशीत ओतलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मला तर बोलताच येत नव्हतं. म्हणजे आमच्या घरात आता दोन मुके झाले, एक नसांनी आणि एक मनानं.

तिच्या लेखी मी देवीला झिडकारलं होतं. माझ्या लेखी तिनं मला जवळजवळ मारलं होतं. दोघंही आपापल्या ठिकाणी घट्ट. पण एक सांगायला हवं. मी पडवीत जेवायला बसलो की ती माजघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. मी घास तोंडात घेतला, हनुवटी छातीला लावली, की तिच्या गळ्याची हालचाल व्हायची. ती माझ्याबरोबर गिळायची. घास उतरला की आत जायची, बोलायची नाही. मीही कधी हात करून तिला बोलावलं नाही. राग माझ्याही अंगात मुरला होता, आणि मला तो सोडायचा नव्हता.

*

पुढच्या उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शुद्ध कधी असायची कधी नसायची. डॉक्टर येऊन हात झाडून गेले. तिला खाली घोंगडीवर घेतलं, नातलग जमले, मामांनी गंगाजलाची कुपी फोडली. रीतीप्रमाणं थोरल्या मुलानं तोंडात पाणी घालायचं, पण मला यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात मामांनीच तिची मान मागं करून पळीभर ओतलं.

ती खोकली. तो आवाज त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ओळखीचा नव्हता. आत ओलं घरघरणारा, अर्ध्यावर अडकणारा. तो आवाज ज्याच्या छातीतून निघतो त्याला काय होतं, ते मला माहीत आहे. पाण्यात बुडतो तसा माणूस आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या मांडीवर बुडतो.

मामांनी दुसरी पळी भरली आणि माझ्या हातात दिली. मी ती पळी बाजूला ओतून टाकली. मी आईला डाव्या कुशीवर वळवलं, मान पुढं केली, हनुवटी छातीकडं. कमलला खुणेनं कापूस मागितला. गंगाजलात भिजवून पिळून तिच्या ओठांना लावला. मामा परत पळी घेऊन पुढं झाले तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. माझ्या हातात जेवढी ताकद उरली होती ती सगळी त्या वेळी वापरली.

"दादा, सोड त्यांना," वसंता म्हणाला. "शेवटचं पाणी आहे तिचं. तिनं तुला तीर्थ दिलं त्याचा सूड आज काढायलास का?"

पाटी पडवीत होती. मला सांगता आलं नाही. मी घशातून काहीतरी आवाज काढला, तो ऐकून बायका रडायला लागल्या. मी मनगट सोडलं नाही.

आई उन्हं उतरेपर्यंत होती. घरघर कमी झाली. मी कापूस भिजवत राहिलो, ओठांना लावत राहिलो. एकदा तिनं डोळे उघडले. मला ओळखलं असावं. सांगता येत नाही. तिच्या गळ्याची हालचाल झाली, मी रोज बघायचो तशी, आणि ठसका लागला नाही. ती ठसका न लागता गेली.

गावात आजही बोललं जातं की थोरल्यानं आईला शेवटचं पाणी घालू दिलं नाही. मामा माझ्या दारात येत नाहीत. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. वाचा असती तरी मी समजावत बसलो नसतो.

*

आता माझंच पुढं आहे. घट्ट आंबीलसुद्धा आता कधी कधी वाट चुकते. जेवायला सकाळ पुरत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मी पाटीवर लिहून वसंतासमोर ठेवलं. माझ्या वेळी तोंडात पळी घालायची नाही. कुशीवर ठेवायचं, मान पुढं, ओठांना ओला कापूस. कुणी काही म्हणालं तर हे त्याला दाखवायचं.

वसंतानं वाचलं. पाटी कोनाड्यात माझ्या जर्मनच्या वाटीशेजारी ठेवली आणि गेला. मला वाटलं, झालं, याच्या डोक्यात शिरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळातून तीर्थ घेऊन आला. कमलला दिलं, आपल्या पोरांना दिलं. मग पडवीत आला. मी सवयीनं ओठ मिटले. त्यानं पळी उचलली नाही. बोट तीर्थात बुडवलं, ठिबकणारा थेंब झटकला आणि ओलं बोट माझ्या ओठांवरून फिरवलं. त्याची मान खाली होती. तोही बहुधा माझ्याबरोबर गिळत होता.

बरोबर तीर्थाची चव होती. दही, मध, थोडं कुंकू. दोन वर्षांत मी ती चव विसरलो होतो.

एवढंच करायचं होतं. आई होती तोवर ते सुचलं नाही, ना तिला, ना मला.